जिवाणू दिसावेत आणि मरावेतही: चमकणारे धातू-कॉम्प्लेक्स आणि पॉलिमर प्रयोगशाळेत कसे वापरावेत

रुथेनियम कॉम्प्लेक्सचे (कॉम्प्लेक्स म्हणजे धातूच्या अणूभोवती लिगँड नावाचे रेणू बांधलेले संयुग) केशरी द्रावण निळ्या एलईडीसमोर धरले की नळी आतून लाल-नारिंगी उजळते. त्यात दहा-पंधरा मिनिटे नायट्रोजन सोडून विरघळलेला ऑक्सिजन हाकलून लावा, तीच नळी आणखी उजळ दिसते. बूच काढून हवा आत जाऊ द्या, उजेड पुन्हा उतरतो. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी हे करून दाखवतो, कारण पुढचे जवळजवळ सगळे यात आहे. उतरलेला उजेड हरवलेला नसतो. ती ऊर्जा ऑक्सिजनने घेतलेली असते, आणि जिवाणू मारतो तो हा ऊर्जा घेतलेला ऑक्सिजन.

रेणूने शोषलेल्या एका फोटॉनच्या ऊर्जेला तीन वाटेकरी असतात. ती उजेड होऊन बाहेर पडते, उष्णता होऊन विरते, किंवा शेजारच्या रेणूला, बहुतेक वेळा ऑक्सिजनला, दिली जाते. पहिला वाटा मोठा असेल तर चित्रण छान होते, तिसरा मोठा असेल तर मारणे छान होते. एकाच रेणूकडून दोन्ही कामे शंभर टक्के होणार नाहीत. म्हणून मी आधी विचारतो, तुम्हाला जिवाणू पाहायचे आहेत की मारायचे आहेत? दोन्ही करायचे असेल, तर कशावर किती पाणी सोडायची तयारी आहे? हे ठरलेले नसले की सहा महिन्यांनी हातात एक सुंदर चमकणारा पण निरुपद्रवी पदार्थ उरतो.

रेणू निवडताना

धातू-कॉम्प्लेक्समध्ये सर्वाधिक वापर रुथेनियम आणि इरिडियमचा. दोन्ही जड धातू असल्याने रेणू उत्तेजित झाल्यावर झटकन ट्रिप्लेट अवस्थेत जातो. ही अवस्था साध्या फ्लुओरेसंट रंगापेक्षा बरीच जास्त टिकते, शेकडो नॅनोसेकंदांपासून मायक्रोसेकंदांपर्यंत. ऑक्सिजनची गाठ पडायला तेवढा वेळ पुरतो, आणि जिवाणूच्या स्वतःच्या नैसर्गिक चमकेपासून सिग्नल वेगळा करायलाही पुरतो, कारण ती चमक काही नॅनोसेकंदांत विझते.

सुरुवात करणाऱ्याने ट्रिस-बायपिरिडीन रुथेनियमपासून सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे. पाण्यात ते सुमारे ४५२ नॅनोमीटरला प्रकाश शोषते, ६१० ते ६२० नॅनोमीटरच्या आसपास सोडते, आणि त्याचा मोलर शोषण गुणांक सुमारे १४,६०० आहे. या रेणूवर इतके काम झाले आहे की तुमचा आकडा चुकला तर लगेच कळते. जिवाणू मारण्यात ते मध्यमच आहे, पण पद्धत बसवायला याच्याइतका भरवशाचा सोबती नाही.

डीपीपीझेड लिगँड असलेले रुथेनियम कॉम्प्लेक्स पाण्यात जवळजवळ अंधारे असते आणि डीएनएच्या पायऱ्यांमध्ये घुसले की उजळते. १९९० मध्ये हा ‘लाइट स्विच’ परिणाम प्रसिद्ध झाला. चित्रणासाठी ही मोठी सोय आहे, कारण बाहेर उरलेले कॉम्प्लेक्स धुतले नाही तरी पार्श्वभूमी काळी राहते. उलट बाजूही लक्षात ठेवा: अंधार दिसला म्हणजे तिथे रेणू नाही असे नव्हे, तो फक्त पाण्यात असू शकतो. सायक्लोमेटलेटेड (धातू-कार्बन बंध असलेल्या) इरिडियम कॉम्प्लेक्सचा रंग लिगँड बदलून निळ्यापासून गडद लालपर्यंत नेता येतो. त्यांतली बरीचशी पाण्यात मंद आणि पेशीपटलाच्या तेलकट भागात तेजस्वी असतात. युरोपियम आणि टर्बियम या धातूंच्या कॉम्प्लेक्सची चमक मिलिसेकंदांपर्यंत टिकते, युरोपियमची सुमारे ६१५ नॅनोमीटरला आणि टर्बियमची ५४५ ला. पार्श्वभूमी गाळून स्वच्छ चित्र हवे असेल तर ती उत्तम, पण मारण्याच्या कामाला मी ती घेत नाही.

पॉलिमरमध्ये संयुग्मित साखळी (एकाआड एक एकेरी आणि बहुबंध) असलेले घ्यावेत: पॉलिफ्लुओरीन, पॉलिथायोफीन, पॉलिफिनिलीन-इथायनिलीन. साखळीवर कुठेही शोषलेली ऊर्जा साखळीभर फिरते, त्यामुळे एका टोकाला जोडलेल्या इरिडियम किंवा पॉर्फिरिनला ती सगळीकडून मिळते. बाजूच्या साखळ्यांवर क्वाटर्नरी अमोनियमचा धनभार बसवला की पॉलिमर पाण्यात विरघळतो आणि ऋणभारित जिवाणूला जाऊन चिकटतो. तिसरा गट एआयई पदार्थांचा. २००१ मध्ये बेन झोंग टँग यांच्या गटाने दाखवले की काही रेणू सुटे असताना अंधारे असतात आणि गोळा झाले की चमकतात. साध्या रंगाचे नेमके उलट होते, तो गोळा झाला की विझतो.

भार, आकार आणि भिंत

जिवाणूची भिंत समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूला, उदाहरणार्थ स्टॅफिलोकॉकस ऑरियसला, २० ते ८० नॅनोमीटर जाड पण सच्छिद्र पेप्टिडोग्लायकॅनची भिंत असते. रेणू तिच्यातून बऱ्यापैकी आत शिरतो. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूची ही भिंत पातळ असते, पण तिच्याबाहेर आणखी एक पटल असते, आणि त्यावरचे लिपोपॉलिसॅकराइड कॅल्शियम-मॅग्नेशियमने घट्ट बांधलेले असते. त्या पटलातल्या पोरिनमधून साधारण ६०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू जात नाही. म्हणूनच भार नसलेले किंवा ऋणभारित प्रकाशसंवेदक (प्रकाश शोषून ऑक्सिजनला ऊर्जा देणारे रेणू) स्टॅफिलोकॉकसला मारतात आणि ई. कोलायपुढे हात टेकतात. धनभारित रेणू मात्र कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेऊन पटल सैल करतात आणि आत वाट काढतात.

रेणू जिवाणूपासून किती अंतरावर आहे हे का महत्त्वाचे, ते एका हिशेबाने कळते. सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे वर सांगितलेला ऊर्जा घेतलेला ऑक्सिजन, पाण्यात सुमारे ३.५ मायक्रोसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात तो शंभर-दीडशे नॅनोमीटर सरकू शकतो, आणि पेशीच्या आत, जिथे पावलोपावली प्रथिने आणि लिपिड भेटतात, तिथे त्याहूनही कमी. ई. कोलाय दोन मायक्रोमीटर लांब असतो. म्हणजे रेणू जिवाणूला चिकटलेला किंवा आत असला तरच तो मारू शकेल. द्रावणात दूर तरंगणारा रेणू कितीही सिंगलेट ऑक्सिजन बनवो, तो पाण्यातच विझून जातो.

ग्रॅम-निगेटिव्हसाठी आधी थोडे ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारा पदार्थ) देऊन बाहेरचे पटल सैल करण्याची युक्ती जुनी आणि चांगली आहे. रुथेनियम-बायपिरिडीनला ईडीटीए काही करत नाही. युरोपियम-टर्बियमच्या कॉम्प्लेक्समधून मात्र तो धातूच हिसकावून घेऊ शकतो, त्यामुळे तिथे ही युक्ती वापरू नका.

पदार्थ बनवणे आणि पाण्यात आणणे

रुथेनियमसाठी रुथेनियम ट्रायक्लोराइड, बायपिरिडीन आणि सौम्य रिडक्टंट म्हणून सोडियम हायपोफॉस्फाइट पाण्यात रिफ्लक्स करतात. इरिडियमसाठी दोन टप्पे लागतात: आधी क्लोराइड-पूल असलेला डायमर, मग त्यावर बायपिरिडीन किंवा तिचा एखादा बदललेला प्रकार. हे सगळीकडे लिहिलेले सापडते. पुढच्या एका पायरीवर मात्र कितीतरी जणांचे काम अडते.

कॉम्प्लेक्स शुद्ध करायला सोपे जावे म्हणून ते हेक्साफ्लुओरोफॉस्फेट मीठ म्हणून अवक्षेपित करतात. हे मीठ पाण्यात नीट विरघळत नाही. मग विद्यार्थी ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून सरळ जिवाणूंवर टाकतात, आणि डीएमएसओ हायड्रॉक्सिल रॅडिकल पकडतो हे विसरतात. त्याऐवजी प्रतिऋणआयन, म्हणजे धनभारित कॉम्प्लेक्ससोबतचा ऋणआयन, बदलून घ्या. मीठ थोड्या अॅसिटोनमध्ये विरघळवा, दुसऱ्या चंचुपात्रात टेट्राब्युटिलअमोनियम क्लोराइडचे अॅसिटोनमधले संतृप्त द्रावण करा आणि ते थेंबथेंब टाका. पहिल्या काही थेंबांतच स्वच्छ केशरी द्रावण गढूळ होते आणि तळाशी बारीक नारिंगी साका बसू लागतो. तोच तुमचा क्लोराइड. वरचे द्रावण फिके पडले की थांबा, गाळा, गार अॅसिटोनने तीनदा धुवा, निर्वातात वाळवा. आता ते नुसत्या पाण्यात विरघळते, आणि डीएमएसओचा कंट्रोल लावण्याची कटकट मिटते.

पॉलिमरच्या बाबतीत शुद्धीकरणाला दुप्पट वेळ ठेवा. सुझुकी कपलिंगने बनवला असेल तर त्यात पॅलॅडियम अडकून राहते, आणि त्याचा थोडासा अंशही चमक आणि विषारीपणा दोन्ही बिघडवतो. डायलिसिस दोन-तीन दिवस करा, पाणी वेळोवेळी बदला. पॉलिमरचे प्रमाण लिहिताना ते आवर्ती एककाच्या हिशेबाने आहे की पूर्ण साखळीच्या, हे दर वेळी स्पष्ट लिहा. साखळीत पन्नास एकके असतील तर या एका शब्दाने आकडा पन्नास पटींनी बदलतो. धनभारित पॉलिमर पीबीएसमध्ये (मीठ असलेल्या फॉस्फेट बफरमध्ये) गोळा होऊ शकतो. गढूळपणा डोळ्यांना दिसण्याआधीच चमक उतरलेली असते, म्हणून कमी मिठाचे बफर वापरून पाहा आणि दोन्हींचे स्पेक्ट्रम शेजारी शेजारी ठेवा.

जिवाणूंआधी क्युव्हेटमध्ये

शोषण, उत्सर्जन, आयुष्यकाल आणि सिंगलेट ऑक्सिजनचा क्वांटम यील्ड (शोषलेल्या दर फोटॉनमागे तो किती बनतो) या चार गोष्टी जिवाणू हातात घेण्याआधी मोजा. उत्सर्जन मोजताना शोषण ०.१ च्या खाली ठेवा, नाहीतर द्रावण स्वतःचाच उजेड गिळते. आयुष्यकाल हवेत आणि नायट्रोजनमध्ये दोन्हीकडे मोजा. दोन आकड्यांतला फरक ऑक्सिजनशी किती व्यवहार होतो ते सांगतो.

सिंगलेट ऑक्सिजनसाठी थेट पुरावा १२७० नॅनोमीटरच्या अतिमंद उत्सर्जनाचा, पण त्यासाठीचा संवेदक सगळ्यांकडे नसतो. बहुतेक जण पाण्यात एबीडीए हा सापळा-रेणू वापरतात. सिंगलेट ऑक्सिजन त्याच्याशी जुळला की ३५० ते ४०० नॅनोमीटरमधल्या त्याच्या खुणा उतरत जातात. तुलनेला मिथिलीन ब्लू, पाण्यातला क्वांटम यील्ड सुमारे ०.५२, किंवा रोझ बेंगाल, सुमारे ०.७५, घ्या. तुलना करताना दोन्ही द्रावणांनी तुमच्या दिव्याचा सारखा प्रकाश शोषला पाहिजे. नुसते शिखरावरचे शोषण जुळवून भागत नाही.

पॉलिमर वापरणाऱ्यांनी इथे विशेष जपावे. एबीडीएवर ऋणभार असतो आणि पॉलिमरवर धनभार. दोघे एकमेकांना चिकटतात, एबीडीए पॉलिमरच्या अगदी अंगाशी येऊन बसतो, आणि सिंगलेट ऑक्सिजन जन्मताच त्याला गाठतो. आकडा फुगतो. अशा वेळी भार नसलेला सापळा वापरून किंवा १२७० नॅनोमीटरला मोजून खात्री करून घ्या. डीपीबीएफ हा सापळा सोपा आहे, पण तो सिंगलेट ऑक्सिजनखेरीज इतर रॅडिकलशीही जुळतो, तेव्हा एकट्या त्याच्या भरवशावर ‘टाइप दोन’, म्हणजे सिंगलेट ऑक्सिजनची वाट, असे लिहू नये.

दिवा

दिव्याबद्दलचा निष्काळजीपणा मला मनापासून खुपतो. ‘पांढऱ्या प्रकाशात तीस मिनिटे’ एवढेच वाचून कोणालाही तो प्रयोग पुन्हा करता येणार नाही. तरंगलांबी, पट्ट्याची रुंदी, जिवाणूंच्या पातळीवर पडणारी तीव्रता आणि वेळ, हे चारही लिहिले पाहिजेत. तीव्रता पॉवर मीटरने प्रत्यक्ष प्लेटच्या जागी ठेवून मोजा. हिशेब सोपा आहे: २० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर, १५ मिनिटे म्हणजे ९०० सेकंद, गुणाकाराला हजाराने भागले की १८ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर.

९६ खाच्यांची प्लेट एका एलईडीखाली ठेवली की कोपऱ्यातल्या खाच्यांना मधल्यापेक्षा कमी उजेड मिळतो. मीटर सगळीकडे फिरवून नकाशा काढा, किंवा मधलेच खाचे वापरा. झाकणाला आतून वाफ धरली तर प्रकाश विखुरतो, म्हणून झाकण काढून ठेवा किंवा प्लेट आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. जास्त प्रमाणात रंग घातला तर वरचा थर खालच्या थराचा प्रकाश अडवतो. १०० मायक्रोलिटरचा खाचा सुमारे ३ मिलिमीटर खोल असतो. त्यात ५० मायक्रोमोलर ट्रिस-बायपिरिडीन रुथेनियम घातले तर ४५२ नॅनोमीटरच्या प्रकाशातला सुमारे ४० टक्के भाग वरून खाली जाताना शोषला जातो. तळाशी बसलेल्या जिवाणूंना तुम्ही लिहिलेला डोस मिळालेलाच नसतो.

तापमानही नोंदवा. शक्तिशाली दिव्याखाली पाणी तापते, आणि उष्णतेने मेलेले जिवाणू प्रकाशरसायनाच्या खात्यावर जमा होतात.

चित्रण

जिवाणू रात्रभर वाढवा, सकाळी ताज्या माध्यमात नवी वाढ करा आणि ६०० नॅनोमीटरची ओडी (गढूळपणाचे माप) ०.४ ते ०.६ झाली की घ्या. माध्यम पूर्ण धुऊन काढा. यीस्ट अर्क असलेल्या माध्यमात फ्लॅव्हिन असतात, ती निळ्या प्रकाशात हिरवी चमकतात आणि चित्र गढूळ करतात. दोनदा बफरने धुऊन जिवाणू पुन्हा निलंबित करा, रेणू घाला, १० ते ३० मिनिटे ३७ अंशांना अंधारात ठेवा, मग एक भाग धुवा आणि एक भाग न धुता ठेवा. दोन्ही पाहा.

काचपट्टीवर एक टक्का अॅगरोजचा पातळ चौकोन बसवा, त्यावर दोन मायक्रोलिटर थेंब टाका आणि तो शोषला जाईपर्यंत थांबा. मग वर कव्हर स्लिप. न थांबता झाकले तर जिवाणू पोहत राहतात आणि चित्रात फक्त पुसट रेघा येतात. १०० पटींच्या, १.४ न्यूमेरिकल अॅपर्चरच्या ऑइल ऑब्जेक्टिव्हने ६२० नॅनोमीटरच्या उजेडात सुमारे २७० नॅनोमीटर अंतर वेगळे ओळखता येते. जिवाणू एक मायक्रोमीटर रुंद, म्हणजे रेणू पटलावर आहे की आत, एवढे कळते. त्यापुढे अचूक जागेचा दावा करायचा तर सुपर-रिझोल्यूशन लागेल.

रुथेनियमचा मोठा फायदा हा की तो ४५० ला शोषतो आणि ६२० च्या आसपास सोडतो, मध्ये जवळजवळ १७० नॅनोमीटरची मोकळी जागा. ५९० नॅनोमीटरचा लाँग-पास फिल्टर लावला की उत्तेजनाचा निळा प्रकाश पूर्ण गाळला जातो. पण जोडीचा रंग निवडताना जपा. मृत पेशी दाखवायला सगळे सवयीने प्रोपिडियम आयोडाइड घेतात, आणि डीएनएला बांधल्यावर तेही ६१७ नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकते. मग लाल दिसतो तो रुथेनियम की मृत्यू, हे सांगता येत नाही. तिथे सायटॉक्स ग्रीन वापरा, त्याचे उत्सर्जन ५२३ नॅनोमीटरला आहे. त्यातही रुथेनियमचा काही भाग हिरव्या खिडकीत झिरपतो का, ते एकट्या रुथेनियमच्या नमुन्यावर तपासा. स्यूडोमोनास एरुजिनोसा घेत असाल तर रेणू न घातलेला नमुना हवाच, कारण त्याचे पायोव्हर्डिन स्वतःच चमकते.

चित्रण करताना होणारी एक चूक बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ऑब्जेक्टिव्हमधून नमुन्यावर पडणारा प्रकाश उपचाराच्या दिव्यापेक्षा शेकडो पटींनी तीव्र असू शकतो. म्हणजे तुम्ही पाहत असता तेव्हाच उपचार चाललेला असतो. पहिल्या चौकटीत पटलावर कडेने बसलेला रेणू तिसऱ्या चौकटीपर्यंत आत पसरलेला दिसला, तर तो नैसर्गिकपणे आत गेला असे लिहू नका. प्रकाशाने पटल फुटून तो आत शिरला असण्याची शक्यता आधी तपासा. एक्स्पोजर कमीत कमी ठेवा, आणि प्रत्येक वेळी नवा भाग निवडा.

मारणे: चार गट आणि एक जुना धडा

१९०० मध्ये म्युनिकच्या ऑस्कर राब यांनी प्रसिद्ध केले की अॅक्रिडीन हा रंग पॅरामीशियम या एकपेशी जिवाला किती वेगाने मारतो ते प्रयोगशाळेतल्या उजेडावर अवलंबून आहे. तोच रंग, तेच प्रमाण, पण अंधारात जीव तरतात. या शाखेचा जन्म अंधाराच्या कंट्रोलमधून झाला, आणि आजही सर्वात जास्त हेळसांड त्याचीच होते.

किमान चार गट लागतात: रेणू नाही आणि प्रकाश नाही, फक्त प्रकाश, फक्त रेणू अंधारात, आणि दोन्ही एकत्र. फक्त प्रकाशाचा गट निळ्या दिव्यासाठी अगदी अनिवार्य आहे. ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश जिवाणूंतल्या स्वतःच्या पॉर्फिरिनवर पडून एकटाच त्यांना मारू शकतो. फक्त रेणूचा गट तितकाच. फ्रान्सिस ड्वायर यांनी १९५० च्या दशकातच दाखवले होते की धातूंचे असे कॉम्प्लेक्स दिव्याशिवायही जिवाणूंची वाढ रोखतात, आणि क्वाटर्नरी अमोनियमच्या साखळ्या तर जंतुनाशकच असतात. अंधारात ‘गट तीन’ ठेवताना प्लेट अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, आणि निळा शोषणाऱ्या रेणूंची ने-आण मंद लाल उजेडात करा.

मॅक्फार्लंड या गढूळपणाच्या मापावर ०.५ ला साधारण १.५ × १०⁸ सीएफयू (कॉलनी उगवू शकणारे जिवाणू) प्रति मिलिलिटर धरतात. तिथून १०⁷ पर्यंत सौम्य करून सुरुवात करा. प्रकाश दिल्यावर दहा-दहा पटींनी सौम्य करत आगर प्लेटवर पसरवा, रात्रभर वाढवा, आणि ३० ते ३०० कॉलनी असलेली प्लेट मोजा. ३ लॉग घट म्हणजे ९९.९ टक्के, तेवढी झाली तर जीवाणुनाशक म्हणण्याची रीत आहे. टक्क्यांत लिहू नका. ९९ आणि ९९.९९ टक्के कानाला सारखेच वाटतात, पण त्यांत शंभर पटींचे अंतर आहे. सौम्य न केलेल्या द्रावणातून १०० मायक्रोलिटर पसरवून एकही कॉलनी आली नाही, तर उत्तर शून्य नाही, ‘प्रति मिलिलिटर १० पेक्षा कमी’ आहे.

पॉलिमरच्या एका मोजणीने मला चांगलेच फसवले होते. धनभारित पॉलिमर घातल्यावर अंधारातही दोन लॉग घट दिसत होती, आणि मी ती जंतुनाशक शक्ती म्हणून वहीत लिहूनही टाकली. मग सहज एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जिवाणू मेलेले नव्हते, पॉलिमरने ते एकमेकांना चिकटवून द्राक्षांच्या घडासारखे गोळे केले होते. पन्नास जिवाणूंचा एक घड आगरवर पडला की त्याची कॉलनी एकच उगवते. तेव्हापासून पॉलिमरचा प्रत्येक नमुना पसरवण्याआधी मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, हेपॅरिनसारखा ऋणभारित पॉलिमर घालून धनभार भागवतो, जोरात व्होर्टेक्स करतो, आणि हेपॅरिनने स्वतःहून काही बिघडवले नाही ना, याचा वेगळा कंट्रोल लावतो.

नेमके कशाने मेले?

सिंगलेट ऑक्सिजनने की रॅडिकलने, हे ओळखायला त्यांना पकडून निकामी करणारे पदार्थ वापरतात: सिंगलेट ऑक्सिजनसाठी सोडियम अॅझाइड, हायड्रॉक्सिलसाठी मॅनिटॉल, सुपरऑक्साइडसाठी टायरॉन. अॅझाइडने मृत्यू घटला की सिंगलेट ऑक्सिजन सिद्ध झाला असे धरून चालण्याची सवय आहे, पण मिथिलीन ब्लूसोबत अॅझाइड उलट मारणे वाढवू शकतो, कारण त्यातून अॅझाइड रॅडिकल तयार होतात. त्यामुळे दुसरा पुरावा जोडा. जड पाण्यात सिंगलेट ऑक्सिजनचे आयुष्य सुमारे ६५ मायक्रोसेकंदांपर्यंत वाढते. तिथे मारणे वाढले आणि नायट्रोजनखाली ते थांबले, तर तुमच्या म्हणण्याला वजन येते. पोटॅशियम आयोडाइडने मारणे अनेक पटींनी वाढते, ती एक वेगळीच वाट आहे: सिंगलेट ऑक्सिजनपासून आयोडीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनते, आणि ते बराच वेळ टिकून मारत राहते.

कॉम्प्लेक्स स्वतः टिकते का, हेही पाहा. काही ताणलेली रुथेनियम कॉम्प्लेक्स प्रकाशात लिगँड सोडून देतात. मग मारणारा ऑक्सिजन नसून उघडा पडलेला धातू किंवा सुटलेला लिगँड असतो. प्रकाशानंतर शोषणाचा स्पेक्ट्रम पुन्हा घ्या, शिखर सरकले असेल तर ते लगेच दिसते. आधीच प्रकाश दिलेले द्रावण नंतर अंधारात जिवाणूंवर टाकून पाहणे हा स्वस्त आणि निर्णायक कंट्रोल आहे.

बायोफिल्म आणि माणसाच्या पेशी

तरंगणारे जिवाणू मारून थांबू नका. खऱ्या जखमेत आणि कॅथेटरवर बायोफिल्म, म्हणजे पृष्ठभागाला चिकटलेला जिवाणूंचा थर, असते, आणि तिच्यातला ऋणभारित डीएनए व शर्करा धनभारित रेणूंना वरच्या थरातच अडकवून ठेवतात. २४ ते ४८ तास वाढवलेल्या बायोफिल्मवर कॉन्फोकलने थरांचे चित्र घ्या: चमक किती खोल पोहोचली ते तिथेच कळते. आतल्या थरांत ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे तरंगत्या जिवाणूंवर चाललेला डोस इथे अपुरा पडतो. मोजणीसाठी बायोफिल्म खरवडून, हलक्या सॉनिकेशनने सुटी करा. क्रिस्टल व्हायोलेट हा रंग केवळ किती द्रव्य उरले ते सांगतो, जिवंत किती ते नाही.

माणसाच्या पेशींवरची चाचणी त्याच डोसला आणि त्याच दिव्याखाली करा. अंधारातला विषारीपणा सांगून ‘सुरक्षित’ म्हणणे ही फसवणूक होईल. चाचणी निवडताना रेणूचा रंग आठवा. सीसीके-८ ही पेशी जिवंत आहेत का ते रंगाने दाखवणारी चाचणी ४५० नॅनोमीटरला वाचतात, आणि तिथे रुथेनियम स्वतः शोषतो, म्हणून पेशी मेल्या तरी जिवंत दिसतात. अशाच रेसाझुरिन चाचणीची चमक ५९० च्या आसपास असते, तीही रुथेनियमच्या खिडकीला लागून. धुऊन मोजा, किंवा पेशी नसलेल्या खाच्यात फक्त रेणू ठेवून तो आकडा वजा करा. धनभारित पॉलिमरसाठी लाल रक्तपेशी फोडण्याची चाचणी आधीच करून टाका, पुढचे पुष्कळ श्रम वाचतात. निळा प्रकाश उतीत फार खोल जात नाही. जखमेच्या पृष्ठभागासाठी तो चालेल, त्याखाली पोहोचायचे असेल तर ६५० नॅनोमीटरच्या पुढे शोषणारा रेणू हवा. टीएलडी-१४३३ हे रुथेनियम कॉम्प्लेक्स मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचले, म्हणजे या कुळातल्या रेणूंना रुग्णापर्यंतची वाट अजिबात बंद नाही.

वहीत आणि बाकड्यावर

प्रत्येक प्रयोगासोबत लिहा: रेणूचे प्रतिऋणआयन, प्रमाण आणि ते कोणत्या एककात, बफर, अंधारात ठेवलेली मिनिटे, धुतले की नाही, दिव्याची तरंगलांबी आणि प्लेटच्या पातळीवरची तीव्रता, सुरुवातीची सीएफयू, आणि मोजण्याची खालची मर्यादा. जिवाणूने किती रेणू घेतला हे आयसीपी-एमएसने (धातूचे सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्राने) रुथेनियम किंवा इरिडियम मोजून लिहिता आले तर दोन रेणूंची खरी तुलना होते. नाहीतर जास्त आत गेलेला आणि जास्त मारणारा यांत फरक करता येत नाही.

तेजस्वी निळ्या एलईडीकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका, नारिंगी चष्मा घाला आणि शेजाऱ्यालाही द्या. स्टॅफिलोकॉकस आणि स्यूडोमोनास दुसऱ्या जैवसुरक्षा पातळीवर हाताळा. जिवाणूंचा कचरा ऑटोक्लेव्हला जातो, पण ऑटोक्लेव्हने रुथेनियम-इरिडियम नष्ट होत नाहीत, म्हणून धातू असलेले द्रव निर्जंतुक केल्यावर जड धातूंच्या वेगळ्या बाटलीत टाका आणि बाटलीवर तारीख लिहा.